पिंपळनेरची फांदी

बाजारात वांगी घेताना मी पाटीच्या तळाची आधी पाहते. वर चांगली सगळेच मांडतात. या स्वभावापायी घरी पुष्कळ बोलणी खाल्ली, पण जळगावात पीएचडी करताना तोच कामी आला.

विषय गोगलगायींचा. गिरणा आणि पांझरेच्या काठच्या गोगलगायींचं एक जनुक घ्यायचं, त्याची अक्षरं कॉम्प्युटरला द्यायची. कोणाचं कोणाशी किती जुळतं ते पाहून तो वंशाचं झाड काढून देतो. त्या दिवशी झाडाला एक फांदी वेगळीच फुटली होती. पांझरेकाठच्या पिंपळनेरकडच्या सगळ्या गोगलगायी एकगठ्ठा, बाकीच्यांपासून लांब, आणि फांदीवर भरवशाचा आकडा पुरा शंभर. म्हणजे नवी जात. माझे मार्गदर्शक सर, एरवी कटिंग चहालाही हात आखडणारे, पेढे घेऊन आले. जातीला नाव त्यांच्या गावाचं, पिंपळनेरचंच द्यायचं ठरलं. माझ्या प्रबंधाचं मुख्य प्रकरण तेच होणार होतं, आणि प्रबंधावर सही त्यांचीच लागणार होती.

मला पेढा गोड लागला नाही. नातं इतकं लांबचं आणि शंख मात्र हुबेहूब गिरणेवाल्यांसारखे? दिसण्यावर जाऊ नये हे मान्य, पण त्या भागातली एकसुद्धा दुसरीकडे बसू नये? आधी वाटलं, सरांनी नमुनेच भलते आणले. मग लॅबचा संशय आला.

शेवटी अक्षरंच उघडून बसले. पिंपळनेरचे नमुने सरांनी दुसऱ्या लॅबला दिले होते आणि त्यांच्या फायलीही स्वतःच जोडल्या होत्या. त्या लॅबने जनुक उलट्या टोकाकडून वाचलं होतं. तसं वाचलं की जुळवणीआधी अक्षरं सुलट करून घ्यावी लागतात; सरांनी ती आली तशीच चिकटवली. उलट्या वाचलेल्या सगळ्या मग एकमेकींजवळच जाणार. सुलट केल्यावर फांदी गेली, आणि त्या गिरणेवाल्यांत मिसळून गेल्या.

आनंद कसला, मला भीतीच वाटली. तरी नवं झाड सरांपुढे ठेवलं. कॉलेजात कायम छापील मराठी बोलणाऱ्या सरांनी दार लोटून घेतलं आणि गावाकडच्या बोलीत हळूच विचारलं, "हाई आखो कोनले माहीत शे का?"

आखो कोनले, म्हणजे आणखी कोणाला माहीत नसेल तर इथेच मिटव; नाहीतर सही अडणार, हे मला कळलं.

"माले माहीत शे ना, सर," मी म्हणाले.