सदस्य ‘ड’

जळगावला पीएचडी करत होते तेव्हा आमच्या सरांच्या हाताखाली आम्ही पाच जण होतो. रेंज नसलेल्या गावात जवळजवळचे मोबाईल एकमेकांना जोडायचे, त्यांच्यातच माहिती साठवायची आणि बचत गटासारख्या मंडळींनी त्यावर निर्णय घ्यायचे, असा आमचा विषय. साठवणीचा भाग माझ्याकडे होता. मजकुराचे तुकडे करून ते पाच फोनांत असे ठेवायचे की एक फोन बंद पडला तरी उरलेल्या चारांतून सगळा मजकूर परत मिळावा. भडगावकडे आमच्या मळ्यात अजूनही फोन लागत नाही. त्यामुळे असेल, पण त्या कामात माझा जीव होता.

निर्णयाचा भाग माझ्या रूममेटकडे. मेहरूणला तलावाच्या अलीकडे आमची खोली होती. सकाळी एकीने कणीक मळायची, दुसरीने पोळ्या लाटायच्या, असं आमचं दीड वर्ष चाललं होतं.

धुळ्याच्या चर्चासत्रासाठी निबंध तयार झाला. चर्चासत्राच्या नियमाप्रमाणे त्यावर पाचच नावं चालणार होती, एक सरांचं आणि चार विद्यार्थ्यांची. आम्ही होतो पाच. सर लॅबमध्ये आले, खुर्ची ओढून बसले आणि म्हणाले, “कोणाचं नाव गाळायचं ते तुमच्याच अ‍ॅपवर ठरवा. आपल्याला उदाहरण हवंच आहे. खोट्या प्रश्नावर लोक खोटी मतं देतात.”

आम्हाला वाटलं सर गंमत करताहेत. पण त्यांनी फोन टेबलावर मांडायला लावले.

अ‍ॅपमध्ये कोरं मत चालत नसे. कोणाचं तरी नाव द्यायचं आणि कारण लिहायचं. मत कोणाचं ते दिसणार नाही, कारणं मात्र सगळ्यांना दिसतील. मला कोणाचंच नाव लिहवेना. मतं विखुरतील, माझं एक माझ्याच नावावर पडलं तर काय बिघडणार आहे, असं वाटलं. मी माझं नाव दिलं आणि कारण लिहिलं, “माझं काम पूर्ण झालं आहे.”

पडद्यावर पाचही मतं माझ्या नावावर आली.

“एकमत,” सर म्हणाले. त्यांना मनापासून आनंद झाला होता. मग त्यांनी कारणं मोठ्याने वाचली. तिचं इंग्रजी कच्चं आहे. सणावाराला गावी पळते. लग्न झालं की सोडणारच आहे. चौथं असं होतं: तिला काढलं तर ती भांडणार नाही. पाचवं माझंच.

मी खरंच भांडले नाही. फोन उचलले आणि चार्जिंगला लावले.

खोलीवर आल्यावर रूममेट भाजी निवडत बसली होती. वर न बघता म्हणाली, “ते ‘भांडणार नाही’ मी लिहिलं होतं. तुला कळलंच असेल.”

“नाही कळलं.”

“मग सांगायला नको होतं,” ती म्हणाली. एक काडी बाजूला टाकून म्हणाली, “पण खोटं नाही ना?”

मी तिच्या हातातली मेथी घेतली आणि उरलेली निवडली.

धुळ्याला मला न्यावंच लागलं. साठवणीत काही अडलं तर दुसऱ्या कोणाला जमणार नव्हतं. सभागृहात मला पहिल्या रांगेच्या कडेला पाच फोन घेऊन बसवलं. पडद्यावर आमच्या मतदानाचं उदाहरण आलं. नावांच्या जागी अ, ब, क अशी अक्षरं होती. मी ‘ड’. “भांडणार नाही” हे कारण आलं तेव्हा लोक हसले. वाईट मनाने नाही, सहज हसले. एका वयस्क प्राध्यापकांनी विचारलं, “हा सदस्य नंतर गटात टिकला का?”

“टिकला,” सर म्हणाले. “पूर्ण सहकार्य आहे त्याचं.”

मग त्यांनी मला कोणताही एक फोन बंद करायला सांगितलं. मी माझा बंद केला. क्षणभर पडदा रिकामा झाला आणि पाचही कारणं परत आली, एक अक्षर न गळता. काम चोख झालं होतं. टाळ्या पडल्या. रूममेटने मागून माझ्या खांद्यावर थोपटलं. ते तिच्या परीने खरं कौतुक होतं, आणि मला तेच सहन झालं नाही.

मी त्यांच्या गाडीतून परतले नाही. एसटीने घरी गेले. आबा केळीला पाणी देत होते. वडिलांना आम्ही आबाच म्हणतो. मी बांधावर बसून सगळं सांगितलं. अ‍ॅप काय ते त्यांना समजलं नाही, नाव गाळलं एवढं समजलं.

“बठ्ठासनी मिळीसन काढं तुले?” त्यांनी विचारलं.

“हाव, सगळ्यांनी.”

“एक बी माणूस नही म्हने ना?”

माझं मतही त्यातच होतं, हे मला त्यांना सांगता आलं नाही. त्यांनी चिखलाचा हात धोतराला पुसला आणि पुढच्या सरीकडे पाणी वळवलं. जेवताना आईला तेवढं म्हणाले की हिला वाढ.

सोमवारी मी सरांकडे गाइड बदलण्याचा अर्ज दिला. ते वाचून म्हणाले, “एवढ्याशा गोष्टीवर? मला वाटलं तू समजूतदार आहेस.” सही मात्र केली. रूममेट माझी ट्रंक रिक्षापर्यंत उचलू लागली. आम्ही दोघींनी एक-एक कडी धरली होती आणि जिन्यावर ती सारखी विचारत होती, जड होतंय का.

पुढे धुळ्यालाच एका बाईंकडे माझी पीएचडी झाली, निराळ्या विषयात. आता मी शिकवते. त्या निबंधावर सर आणि ते चौघे यांचीच नावं आहेत आणि त्यातला साठवणीचा भाग शब्दन् शब्द माझा आहे. मागच्या वर्षी माझ्या एका विद्यार्थिनीने तो निबंध संदर्भाला आणला. “मॅडम, साठवणीचा भाग किती छान लिहिलाय,” ती म्हणाली. मी वाचल्यासारखं केलं आणि तिला पुढचं पान काढायला सांगितलं.