बाभळीपासून दगडापर्यंत

आमच्या घरात कुणावर विश्वास ठेवायची पद्धत नाही. माझा बाप सकाळी उठला की तोंड धुवायच्या आधी बांधावर जातो आणि कालपासून शेजाऱ्यानं तो किती खाल्ला हे पावलांनी मोजून येतो. शेजाऱ्याचं रान मोजताना त्याचं पाऊल आखूड पडतं, म्हणजे त्याचं रान जास्त भरतं. स्वतःचं मोजताना ढांगा लांब पडतात, म्हणजे आपलं कमी भरतं. मग तो आख्ख्या तामलवाडीला ऐकू जाईल असं ओरडतो, "खाल्ला! परत खाल्ला!"

खाणारे मात्र आम्हीच असायचो. दरसाल नांगरटीला बांध दोन हात पलीकडं सारायचा आणि तोंड असं ठेवायचं की जणू कालच तुळजापूरहून दर्शन घेऊन आलोय, ही आमची घराण्याची कला. या कलेत आजोबा एवढे पोचलेले होते की ते अजून चार वर्षं जगते तर कर्नाटकाची हद्द आमच्या गोठ्यापाशी आली असती.

अशा घरातला मी सैन्यात जायला निघालो. पेपर निघाला. कसा निघाला ते मलाही ठाऊक नाही, आणि निकाल लागल्यावर पहिला संशय मी स्वतःवरच घेतला. आता राहिलं होतं मैदान. सोळाशे मीटर पळायचं आणि मग बाकीचं. ही शेवटची संधी होती, पुढच्या भरतीला माझं वय उलटलेलं असणार होतं. नाही निघालो तर जन्मभर बापाच्या मागं पावलं मोजत बांधावरून फिरायचं, हे भविष्य मला लख्ख दिसत होतं.

त्यात नियम. आधी पळणं असायचं आणि मग पेपर, ते उलटं झालंच होतं. त्यानंतर मोबाइलवर रोज नवं यायला लागलं. वेळ कमी केली. वेळ वाढवली. पाठीवर पोतं घेऊन पळवणार. एका पठ्ठ्यानं तर कळवलं की पळणं बंद, आता पोहायचं. आमच्याकडं पोहायचं म्हणजे आधी टँकर बोलवायला लागला असता! मी एकावरही विश्वास ठेवला नाही आणि सगळ्यांची तयारी केली.

तालीम घ्यायचे ते पिठाच्या गिरणीवाले चाचा. सैन्यातून हवालदार होऊन परतलेले. त्यांची गिरणी सुरू झाली की सोलापुरात कपातला चहा हिंदकळायचा, आणि त्या आवाजावरही त्यांचा आवाज चढायचा. हायवेलगतच्या पडीक रानात त्यांनी एका बाभळीपासून कासऱ्यानं अंतर मोजलं आणि जिथं भरलं तिथं चुना फासलेला एक धोंडा ठेवला. बाभळीपासून निघायचं, धोंड्याला वळसा घालून परत यायचं, की एक फेरी. अशा चार. वेळ लावायचं घड्याळ चाचांच्या गळ्यात, आणि ते कुणाला दाखवायचे नाहीत. नुसतं तोंडानं सांगायचे, "कालच्यापेक्षा खराब."

मी विचारायचो, "चाचा, घड्याळ बघू की जरा."

"कायकू? तू काय घड्याळजी हाय?"

इथंच मला पहिला वास आला.

दुसरा वास चुलत भावाचा. तो माझ्याबरोबर पळायचा. माझ्यापेक्षा लहान, त्याला अजून दोन भरत्या मिळणार होत्या. पण एका गावातून यंदा एकच घेणार, असं कुणीतरी पसरवलं. मला वाटलं ह्यानंच पसरवलं, त्याला वाटलं मी. तेव्हापासून आम्ही एकमेकांच्या बाटलीतलं पाणी प्यायचं सोडलं.

"दादा, आज तुमचा पाय जड दिसतोय," असं तो म्हणाला की मी घरी येऊन पाय तपासायचो.

शेवटी मी आपल्या रक्तातली कला काढली. संध्याकाळी रान मोकळं झालं की जायचं आणि धोंडा दोन हात आत घ्यायचा. रोज फक्त दोन हात. बांध खाणारा माणूस हावरटपणा करत नाही. खूण म्हणून गवतात एक खुंटी पुरली होती, तिच्यापासून मोजायचं, धोंडा सारायचा, मग खुंटीही तेवढीच आत घ्यायची. सगळं शास्त्रशुद्ध. जाण्यायेण्याच्या चार फेऱ्या धरल्या तर रोज सोळा हात अंतर वाचत होतं. चाचा चांगली वेळ सांगतील, मनाला उभारी येईल, आणि चुलत भाऊ फुकटच्या वेळेवर फुगून मैदानात उताणा पडेल, असा तिहेरी डाव.

पण वेळ खराबच व्हायला लागली! अंतर कमी होतंय आणि मी जास्त धापतोय! चौथ्या फेरीला माझी जीभ एवढी बाहेर यायची की हायवेवरचे ट्रकवाले ब्रेक मारायचे. मी दुधावर संशय घेतला, बुटांवर घेतला, आईनं भाकरीत काही कमी केलं का ते विचारलं. तिनं उलथनं दाखवलं. मग एकच माणूस उरला.

मैदानाला तीन दिवस राहिले असताना मी फटफटायच्या आधीच जाऊन शेजारच्या तुरीत दबा धरून बसलो. चुलत भावाला रंगेहाथ पकडायचं होतं. थोडं उजाडलं आणि खांद्यावर पहार घेतलेले चाचा आले. त्यांनी आधी माझी खुंटी उपटली, चार हात मोजून बाहेर पुरली. मग पहार घालून धोंडा उलथला आणि तोही चार हात बाहेर. चुना पुसला होता तिथं नवा लावला. आणि तुरीकडं तोंडही न वळवता म्हणाले,

"भाईर ये. ससा हाय का तू?"

मी बाहेर आलो. अंगाला तुरीची पानं चिकटलेली.

"चाचा, तुम्ही?"

"मंग कोण? तू दोन हात आत, मी चार हात भाईर. पैल्या दिवसापासनं."

"तुम्हाला कळलं कसं?"

चाचा पहारीला टेकून मनापासून हसले. "अरं, तुझ्या आज्यानं माझ्या अब्बाचं रान असंच खाल्लं. दोन-दोन हातांनी. खुंटी पण अशीच, गवतात. अब्बा कदी बोलले न्हाईत. मला म्हायीत व्हतं, ह्या घरातलं कोण ना कोण धोंडा हलवायला येनारच."

"मग आता हे अंतर किती झालंय?"

"ते मी सांगू व्हय?"

"चाचा, शेवटची संधी हाय माझी! तीन दिवसांनी पळायचंय."

"मंग पळ की. कोण धरलंय तुला?"

आता आली का पंचाईत. धोंडा मूळचा कुठं होता ते कळत नाही, म्हणून वेळेला अर्थ नाही, म्हणून मी निघतो की मरतो ते कळत नाही. मी बापाच्या पाया पडून त्याला रानात आणलं. त्यानं बाभळीला पाठ लावली आणि चालायला लागला. मी त्याच्या पावलांकडं डोळे फाडून बघत होतो, आखूड पडतायत का लांब. जन्मात पहिल्यांदा ती ना आखूड होती ना लांब. धोंड्यापाशी गिरणीचं पीठ झटकत चाचा उभे होते. ज्या दोन घरांत दोन पिढ्या सरळ बोलणं नव्हतं त्यांतल्या या दोघांनी एकमेकांकडं बघितलं, आणि बाप मला म्हणाला,

"बराबर हाय. काय फरक न्हाय."

हा सामील झालाय, हे मी तिथंच ओळखलं. पण कुणाच्या बाजूनं, ते ओळखता आलं नाही.

मैदानाच्या दिवशी शिट्टी वाजली. मी पळालो ते चाचांवर, बापावर, नियमांवर, सगळ्यांवर डूख धरून. पहिल्या फेरीला मला ते मैदान तोकडं वाटलं. कुणीतरी इथंही धोंडा आत घेतला असणार! दुसरी संपली, तिसरी संपली, दम अजून शिल्लक, म्हणजे नक्कीच काळंबेरं. चौथीनंतर बाकीची पोरं जमिनीवर लोळत होती आणि मी पळतच होतो. एवढ्यात संपतं होय? शेवटी एका जवानानं मागून येऊन बनियनला धरलं.

"अबे रुक! हो गया तेरा!"

"पक्का?" मी विचारलं.

त्यानं मला ओढत नेऊन पास झालेल्यांच्या रांगेत उभं केलं. तिथंही मी पुढच्याला विचारून घेतलं की ही रांग पास झालेल्यांचीच का. बाकीच्या सगळ्या चाचण्याही पुढं निघाल्या.

जायच्या आदल्या दिवशी रानात गेलो. चुलत भाऊ एकटाच पळत होता. यंदा त्याचं थोडक्यात राहिलं होतं, आता पुढच्या भरतीची तयारी. चाचा गिरणीवर होते, त्यामुळं घड्याळ मला दिलेलं. बोट धोंड्याकडं करून त्यानं बारीक डोळ्यांनी विचारलं,

"दादा, खरं सांगा. हे अंतर बराबर हाय ना?"

सकाळीच मी पहार घेऊन येऊन चार हात मोजून गेलो होतो. हाताला चुना अजून होता. तो हात मी पाठीमागं घेतला.

"बराबर हाय," मी म्हणालो. "काय फरक न्हाय."