इंदूताईंचा तलाव

इंदू मोहरील शाळेत तीस वर्षं चित्रकला शिकवून निवृत्त झाल्या. घर पुरानी बस्तीत, गल्लीच्या टोकाला तलाव. दर रविवारी सकाळी त्या काठावर बसून मोबाइलवर दहा मिनिटं आवाज रेकॉर्ड करत आणि घरी येऊन तेच कागदाच्या लांब पट्टीवर रंगवत. खाली बेडकांचा हिरवा पट्टा, मधे पाणकोंबडीचे तांबडे ठिपके, वर टिटवीचे काळे फटकारे. अशा नऊ वर्षांच्या पट्ट्या जमल्या होत्या.

मग तलावाचं सौंदर्यीकरण निघालं. काठचं गवत उपटलं, चारही बाजूंना दगड बसवले, कारंजं लावलं. सहा महिन्यांत पट्टीवर एकच रंग उरला, कारंज्याच्या पंपाचा करडा. इंदूताईंनी पालिकेत तीन अर्ज दिले. एकाचंही उत्तर आलं नाही.

आला तो भाचा पियुष. तलावाचं काम घेतलेल्या ठेकेदाराकडेच तो इंजिनिअर होता. काठावर स्पीकर लावायचे आहेत, मावशीची जुनी रेकॉर्डिंग मिळाली तर फिरायला येणाऱ्यांना पाखरं ऐकू येतील, पाटीवर तिचं नावही येईल, असं तो हिंदीत समजावत राहिला.

"त्याईचं घर तुम्हीच मोडलं," इंदूताई म्हणाल्या, "आन् आता आवाज तेवढा पाहिजे? मले नाव नको. तू जा इथून."

"मौसी, मेरी नौकरी का सवाल है."

"मंग नोकरी कर. माह्या दारात येऊ नको."

उद्घाटनाच्या सकाळी त्यांनी सगळ्या पट्ट्या वर्षांच्या क्रमाने तलावाच्या रेलिंगला बांधल्या. गार्ड काढायला धावला, तर काठ झाडणाऱ्या सत्यभामाबाई आडव्या उभ्या राहिल्या. लोक पट्ट्यांच्या कडेने चालत गेले आणि शेवटच्या करड्या कागदांपाशी थांबले. तेवढ्यात स्पीकर सुरू झाले. इंटरनेटवरून उचललेले, इथे कधी न ऐकलेल्या पाखरांचे आवाज. इंदूताई उद्घाटनाला आलेल्या पालिकेच्या साहेबांसमोर गेल्या आणि यातलं एक तरी पाखरू दाखवा म्हणाल्या.

पट्ट्यांचे फोटो पेपरात छापून आले. महिन्याभराने स्पीकर उतरले आणि पूर्वेकडचे दगड काढायचं ठरलं. फक्त एका बाजूचे. काम पियुषकडेच आलं. तिथे काय लावायचं, हे विचारायला तो दारात उभा राहिला. इंदूताईंनी गवतांची नावं कागदावर लिहून दिली. आत येऊन बस, असं मात्र म्हणाल्या नाहीत. उरलेल्या तीन बाजू कधी, एवढंच त्यांनी विचारलं.