मारोतभाऊंच्या टॉवरचं फाटक

आमच्या ऑफिसात किस्से साचतात ते चंद्रपूरच्या कोळशाच्या काजळीसारखे. सकाळी खिडकी पुसा, संध्याकाळी बोट फिरवलं की काळं! आम्ही दोघंच आर्किटेक्ट, मी आणि प्रज्ञा. त्यात मारोतभाऊंचा टॉवर हाती आला आणि किस्सेही वाढले, माझी अ‍ॅसिडिटीही वाढली.

मारोतभाऊंनी कोळशाच्या ट्रकांवर पैसा कमावला. आता त्यांना खाली दुकानं, वर ऑफिसं, त्यावर फ्लॅट असा टॉवर हवा होता, तोही वीज-पाणी वाचवणारा. "पर्यावरणवालं कराचं, पण पुरं काचेचं पाह्यजे, हैद्राबादसारखं!"

मे महिना होता. आमच्या उन्हात काचेचं काय होतं आणि बाहेरून सावलीची जाळी का हवी, ते मी स्लाइड दाखवून सांगत होतो. भाऊ जांभया देत होते.

शेवटी प्रज्ञा म्हणाली, "भाऊ, तुमची गाडी उन्हात उभी आहे. एसी बंद करून, काचा लावून जरा बसून या."

भाऊ हट्टाला पेटून गेले आणि लगेच परत आले. शर्ट अंगाला चिकटला होता.

"जाळी लावा बावा," ते म्हणाले.

*

जाळीसाठी प्रज्ञाने पांढराशुभ्र रंग निवडला, ऊन परतवणारा. नमुन्याचा तुकडा आम्ही ऑफिसच्या गच्चीवर ठेवला आणि विसरलो.

दिवाळीनंतर भाऊ गच्चीवर गेले ते खूश होऊन खाली आले. "हा ग्रे एकदम रॉयल हाय! हाच फायनल!"

पांढरा म्हणून दिलेल्या रंगाला हवेतल्या काजळीनेच ग्रे करून पास केलं होतं! मी रात्रभर विचार करत राहिलो, भाऊंना खरं सांगावं की वर्षभर वाट पाहावी.

*

माझा जीव मात्र अडकला होता तळमजल्यावरच्या चौकात. प्लॉटच्या एका अंगाला बसथांबा, दुसऱ्या अंगाला भाजीबाजार आणि त्याला लागून आमचं ऑफिस. गडचिरोलीकडून, मुलचेऱ्याकडून बसने आलेली माणसं या मोकळ्या जागेतूनच बाजारात यायची. म्हणून टॉवरखाली मी सावलीचा चौक काढला. कट्टे, नळ, दाट झाडी, छोटं तळं. फाटक नाही, कुणीही यावं, बसावं, जावं.

भाऊंनाही तो आवडला होता. पण एकदा त्यांच्या पत्नी शालूबाई नकाशा बघायला आल्या. त्यांचं माहेर मोहर्लीचं, वाघाच्या जंगलाला लागून.

"हे झुडूप, हे पाणी," त्या म्हणाल्या. "अन् कुत्रे तं आपल्याकडे हायेतच. बिबट्यासाठी बांधून राह्यले का तुम्ही हे?"

मी हसलो. बाई हसल्या नाहीत, कारण आमच्याकडे बिबट्या ही गंमत नसते. मी त्याच दिवशी झुडपं काढली, तळं काढलं, उंच खोडांची झाडं ठेवली.

पण भाऊंनी भलताच धडा घेतला. "फाटक लावा! वॉचमन बसवा! ज्याचं काम हाय तोच आत येईन."

मी खूप समजावलं. भाऊंचं एकच, "बिबट्या आला तं तुम्ही येसान का धराले?"

चौक गेला तर आपण नुसती भाड्याची उंच पेटी बांधतोय, असं वाटून माझं जेवण कमी झालं. बायको म्हणाली, "टॉवर उभा राहायच्या आधी तुम्ही आडवे व्हाल."

*

पुढच्या उन्हाळ्यात काम सुरू व्हायचं म्हणून भाऊंनी प्लॉटला पत्रे ठोकले. दुसऱ्या दिवशी बाजाराच्या बाजूचा एक पत्रा सरकवलेला! पुन्हा ठोकला, पुन्हा सरकला. बसथांब्याच्या बाजूलाही तेच.

"कोण हाय तो, मले एकदा सापडू द्या!" भाऊ फोनवर ओरडत होते. "आता तं फाटक पक्कं! उद्या येऊन सही करतो."

दुसऱ्या दिवशी फाटकासकट नकाशा टेबलावर पसरून मी बसलो होतो. भाऊंचा फोन आला, गाडी बसथांब्यापाशी लावली, येतो. प्लॉटला पूर्ण वळसा घालून यायचं, म्हणजे अजून वेळ आहे, असं म्हणतोय तोवर भाऊ दारात!

"इतक्या लवकर?" प्रज्ञाने विचारलं.

"एवढ्या उन्हात वळसा कोण घालते? पत्रा सरकवला अन् आलो."

मी कसंबसं विचारलं, "परत लावला ना भाऊ?"

"काऊन? मांगून दोन बाया येत होत्या ना, डोक्यावर ओझं घेऊन."

त्यांनी रुमालाने मान पुसली, पेन काढलं. "हं, दाखवा. फाटक कुठी हाय?"

प्रज्ञाने नकाशावर बोट ठेवलं. "तुम्ही आत्ता जिथून आलात, तिथं."

भाऊंनी नकाशा जवळ ओढला, त्या जागेवर बोट फिरवलं. मग पेनाला टोपण लावलं.

"आधी चहा सांगा बरं," ते म्हणाले.