ढोलातले काका

द्वारका चौकाजवळच्या त्या दुकानदाराचं नाव मी विचारलं नाही, आणि माझं सांगायची सोय त्याने ठेवली नाही.

गणपती जवळ आले की आमच्या इमारतीमागे ढोल पथकाचा सराव सुरू होतो. तो ऐकू येऊ नये म्हणून मी हेडफोन घ्यायला गेलो होतो. "बास मात्र दणदणीत हवा," असंही बजावलं. स्वतःच्या दणदणाटाचा कुणाला त्रास होत नाही.

दुकानदाराच्या बोटांना चिकटपट्ट्या होत्या. प्रत्येक हेडफोन तो आधी शर्टाला पुसायचा आणि मग नवरदेवाला टोपी घालावी तसा माझ्या डोक्यावर बसवायचा. गाणं मात्र लावेना.

"गाण्यावर सगळेच भारी वाटतात, साहेब. हा आमच्या पथकाचा सराव ऐका. मधेच एक काका ओरडतात. हलका माल असला की बास काकांना गिळून टाकतो. शब्द न् शब्द कळला, तर बास खरा."

पहिल्या दोन हेडफोनांत नुसतीच धडधड होती. तिसऱ्यात ढोल थेट छातीत वाजला, आणि त्यातूनही काका स्वच्छ ऐकू आले, "लाज नाही वाटत? पोलिसांना बोलावू का?"

आवाज माझा होता. मागच्या रविवारी मीच गॅलरीतून ओरडलो होतो.

"काय म्हणतात काका?" त्याने विचारलं.

"छान वाजवता, म्हणतायत."

त्याने हळूच माझ्या डोक्यावरून हेडफोन काढला. "मग हा नको, साहेब. यात भलतंच ऐकू येतंय."

मी मुकाट्याने दुसरा घेतला. त्यात बास भरपूर आहे, आणि मी अजिबात ऐकू येत नाही.