मिशा कुठल्या रंगाच्या?

ऐंशीच्या दशकात मी टेक्ससमध्ये शिकत होतो. एका फेब्रुवारीत सॅक पाठीला लावून बसनं शिकागोला गेलो, खास चिनी नववर्षाची मिरवणूक बघायला. फुटपाथवर जेमतेम जागा मिळाली, तोच मागून कुणीतरी सॅकचा पट्टा पकडला. एक ठेंगणी चिनी म्हातारी होती, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू.

"काय दिसतंय ते सांग," ती मोडक्या इंग्रजीत म्हणाली.

"ड्रॅगन आलाय. छान आहे."

"सगळे छानच म्हणतात. मिशा कुठल्या रंगाच्या?"

"पांढऱ्या."

"नीट बघ!"

नीट पाहिलं, तर पिवळ्या होत्या. मी कॅमेरा उचलला की ती पट्ट्याला हिसका द्यायची. "नाचणारे किती? पाय कुणाचा चुकतोय?" खरंच एकाचा चुकत होता. इतक्या बारकाईनं मी कधी काही पाहिलं नव्हतं, पण तेव्हा नुसता संताप आला. ड्रॅगन गेला, फोटो एकही निघाला नाही. मी पट्टा सोडवून चालू लागलो.

"आता काय आलं?" तिनं शेजारच्याला विचारलं. तो मान उंचावून पुढेच बघत राहिला. तिनं पुन्हा विचारलं.

मी चरफडत परत फिरलो. "सिंह. कापडी, निळा. भुवया पांढऱ्या, आणि त्याची डावी पापणी मिटत नाहीये."