संक्रांतीचे उरलेले तीळ

सुभद्रा माझी धाकटी जाऊ. आज अमरावती-अकोल्याची माणसं तिचं अत्तर नाव घेऊन मागतात, म्हणून तिच्याविषयी चार ओळी लिहायच्या तर मीच लिहिल्या पाहिजेत. चाळीस वर्षं एका भिंतीआड राहून तिच्यावर जळले. इतका अनुभव दुसऱ्या कोणाला आहे?

नांदगाव खंडेश्वरहून लग्न होऊन ती मोर्शीकडे आमच्या घरी आली. तिसऱ्याच दिवशी चुलीपाशी उभी राहून म्हणाली, "हे दूध नासते." दूध अजून तापलंही नव्हतं. उकळी आली आणि फाटलं. सासूबाई माझ्याकडे बघून म्हणाल्या, "मोठीले देवानं नाक नथीपुरतंच देल्लं." ती नथ मी पुढं कितीतरी सण घातली नाही.

सुभद्रा सगळंच हुंगायची. भिजलेली सरकी, तुरीचं भूस, पाहुण्यांच्या पिशव्यासुद्धा. साठीजवळ आल्यावर मोबाइलमध्ये बघून अत्तरं करायला बसली. गुरू नाही, कारखाना नाही. औषधाच्या रिकाम्या बाटल्या आणि डोळ्यांत थेंब टाकायची नळी. पहिलं अत्तर मला हुंगायला दिलं.

"फरशी पुसाले चांगलं हाये," मी म्हटलं. तिनं ते वहीत लिहून घेतलं!

माघात संत्र्याला बहर येतो, झाडाखाली फुलांचा सडा पडतो. तो वास काही तिला पकडता येईना. उकळलं की करपायचा. एकदा मीच बोलून गेले, की माझी आई तिळाच्या थरांत मोगरा ठेवायची, रोज फुलं बदलायची आणि मग त्या तिळाचं तेल काढून आणायची. सुभद्रानं तसं केलं. बूच काढलं की बाग घरात!

मग अमरावतीहून एक बाई मुलाखत घ्यायला आल्या. "कोणाकडे शिकलात?"

"कोणापाशी नाही. मनानंच शिकलो," सुभद्रा म्हणाली.

मी चहा घेऊन दारातच उभी होते. चहा आत परत नेला.

पुढच्या बहराला ती माझ्याकडे आली. "जाऊबाई, तुमच्या शेतातले तीळ द्या ना. माह्या तिळात किडे झाले. अकोल्याच्या प्रदर्शनात हे संत्र्याचंच अत्तर न्यायचं हाये."

बहर थोड्या दिवसांचा. हे बिघडलं तर तिचं वर्ष गेलं, हे मला पक्कं ठाऊक होतं. कोठीत कच्चे तीळ होते. त्यांच्या बाजूला संक्रांतीच्या लाडवांचे उरलेलेही होते, मंद आचेवर भाजलेले, रंग जराही न बदललेला. मी ते दिले. वरून म्हटलं, "निवडून ठेवले हायेत."

अकोल्याहून ती रिकामी पेटी घेऊन आली. एकही बाटली उरली नव्हती. माझ्या पायरीवर बसून म्हणाली, "तसेच तीळ अजून द्या. भाजून."

मी विचारलं, "तुले ठाऊक होतं?"

"डबा उघडल्याबरोबर."

चाळीस वर्षं ज्या नाकावर जळले, ऐन वेळी त्याच नाकाचा मला विसर पडला होता.

"मंग बोलली काहून नाही?"

"म्हटलं, जाऊबाईनं देल्ले म्हणजे काही पाहूनच देल्ले असतीन. फुलांच्या मागून तो खरपूस वास असा आला, की बाया बाटली सोडेचनात."

रागावली असती तर बरं झालं असतं. मीच चिडून म्हटलं, "मंग बाटलीवर माहं नाव टाक."

"टाकतो ना. काय लिहू? शिकवल्याबद्दल, का बिघडवल्याबद्दल?"

"दोन्ही लिही," मी म्हटलं.

तिनं नुसतं नावच लिहिलं, तिच्या नावाखाली, बारीक अक्षरात. आता दर बहराला तीळ मीच भाजते. किती भाजायचे ते तिला सांगत नाही. दार लावून घेते. तरी भिंतीपलीकडून हाक येतेच, "जाऊबाई, उतरवा आता!"

मेली, बरोबर वेळेवर सांगते.